मुखपृष्ठ भिंतीवर, अंक रद्दीत

नाशिकच्या भिंतींचा इतिहास अजून कुणी लिहिलेला नाही. शहराचा लिहून झालाय. रामापासून पेशव्यांपर्यंत आणि कुंभमेळ्यापासून द्राक्षांपर्यंत सगळं त्यात आलंय. भिंती तेवढ्या राहून गेल्या. जुन्या वाड्यांत खुंटी असायची, कोनाडा असायचा आणि जरा उंचावर, पुढं झुकलेल्या तसबिरींत देव आणि गेलेले आजोबा असायचे. दोघांचेही हार एकाच दुकानातून यायचे. पुढं सातपूर-अंबडला कारखाने आले, सिडकोत घरं झाली आणि भिंतीवर मण्यांचा पोपट, भरतकामातलं ‘सुस्वागतम्’ आणि गव्हाच्या काड्यांचा ताजमहाल आला. मग अख्खी भिंत व्यापणारं स्वित्झर्लंड चिकटवायची टूम निघाली. आल्प्सच्या पायथ्याशी बसून लोक कांदेपोहे खायचे. त्यानंतर आली वारली. ती इतकी आली, की काही घरांत तारपा वाजवणाऱ्याभोवतीचा फेर दिवाणखान्यातून निघून बाथरूमच्या टाइल्सपर्यंत पोचला.

आता पाळी जुन्या मासिकांच्या मुखपृष्ठांची आहे.

गंगापूर रोड, कॉलेज रोड, इंदिरानगर अशा भागांतल्या नव्या फ्लॅटांत सोफ्याच्या वर, जिथं एके काळी आल्प्स होता तिथं, पन्नास-साठच्या दशकांतल्या दिवाळी अंकांच्या नायिका बारीक काळ्या पट्टीच्या फ्रेमांत येऊन बसल्यात. हातात निरांजन, नजर खाली, पदर चित्रकाराच्या मर्जीवर. घरमालक बहुधा तिशी-पस्तिशीतला. तो जन्मला तेव्हा या नायिकांची नातवंडं शाळेत जाऊ लागली असणार. तरी पाहुणा आला, की तो हळवा होऊन सांगतो, ‘आमच्या आजोबांकडे असायचे हे अंक.’

इथं आजोबांच्या वतीनं थोडा खुलासा केला पाहिजे. बहुतेक आजोबांकडे हे अंक नसायचेच. दिवाळी अंक पदरचे पैसे मोजून घेणारी घरं मोजकी. बाकीचा मराठी मध्यमवर्ग वाचनालयाच्या वर्गणीवर सुसंस्कृत झाला. नाशिकचं सार्वजनिक वाचनालय 1840 सालचं, म्हणजे मराठी दिवाळी अंकांपेक्षा जवळजवळ सत्तर वर्षांनी थोरलं. गल्लीबोळांतल्या खासगी वाचनालयांची तर गणतीच नको. तिथं नवा अंक आला, की त्याला आधी खाकी कव्हर चढायचं. नायिका बुरख्यात गेली, की वर निळ्या शाईत क्रमांक पडायचा. कव्हर घालायला वेळ नसला, तर गोल रबरी शिक्का थेट चित्रावर. चित्रात एवढं आकाश मोकळं असताना शिक्का मारणाऱ्याचा हात नेमका नायिकेच्या गालावरच कसा उतरायचा, हे गूढ आजतागायत उकललेलं नाही.

जी काही घरं अंक विकत घेत, तिथंही मुखपृष्ठाची धडगत नव्हती. अंक आधी आजोबा वाचणार, मग दुपारच्या वेळी आई, मग शेजारीण, मग शेजारणीची जाऊ. शेवटी तो घरी यायचा तेव्हा सुरुवात थेट अनुक्रमणिकेपासून व्हायची. आर्ट पेपरचं गुळगुळीत कव्हर पोरांच्या चित्रवहीत किंवा भूगोलाच्या पुस्तकाला घातलेलं सापडायचं. ज्यांना अंकांची फारच माया, ते वर्षभराचे गठ्ठे बांधणीवाल्याकडे देत, आणि तो शहाणा माणूस पाठ नीट यावी म्हणून कव्हरं आणि जाहिरातींची पानं आधी फाडून टाकी. थोडक्यात, मजकूर जपायचा आणि मुखपृष्ठ फेकायचं अशी जुनी रीत. आता विकणारा मुखपृष्ठ पात्यानं अलगद कापून पारदर्शक पिशवीत घालतो आणि आतला मजकूर, कुणाचीही कथा असो, रद्दीच्या काट्यावर ठेवतो. व्यंकटेश माडगूळकर असोत वा अरविंद गोखले, भाव एकच.

यात विकणाऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही. मुळात मुखपृष्ठ हा अंकातला सगळ्यात निर्लज्ज भाग. त्याचं काम ओरडून गिऱ्हाईक थांबवण्याचं. का. र. मित्रांनी 1909 साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला आणि मराठी माणसाला फराळासोबत वाचायची सवय लावली. पुढं अंक इतके वाढले, की स्टॉलच्या दोरीवर लटकलेल्या गर्दीत आपला अंक उठून दिसावा कसा, हाच संपादकांना घोर. त्यावर तोडगा काढला तो गोव्याहून मुंबईत आलेल्या दोन चित्रकारांनी.

दीनानाथ दलाल मूळचे मडगावचे, जन्म 1916 चा. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले आणि 1945 साली त्यांनी स्वतःच ‘दीपावली’ काढला. चित्रकारच मालक म्हटल्यावर ‘जरा कमी रंग वापरा’ असं सांगणारं कुणी उरलं नाही, आणि ते फार बरं झालं. दलालांची रेषा लवचीक. त्यांची बाई कोळीण असो, राधा असो वा चाळीतली सून असो, ती उभी राहिली की मागचं सगळं जग थोडं बाजूला सरकतं. दुसरे रघुवीर मुळगावकर, जन्म 1918 चा. त्यांच्या चित्रांतली त्वचा इतकी तुकतुकीत, की तिच्यावर माशी बसली तर घसरून पडेल. मुळगावकरांचा हात मोठा सर्वसमावेशक होता. कॅलेंडरवरचे दत्त, लक्ष्मी, रामपंचायतन त्यांचे. बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांच्या वेष्टनावरची भेदरलेली सुंदरीही त्यांचीच. त्यामुळं मराठी घरांत एक मजेशीर वाटणी होती. मुळगावकरांची लक्ष्मी देवघरात, उदबत्तीच्या धुरात. आणि मुळगावकरांचीच दुसरी बाई गादीखाली, अर्नाळकरांच्या सोबतीनं. नाकीडोळी दोघी बहिणी शोभतील अशा, पण त्यांची भेट कधी झाली नाही. ती आता नव्या फ्लॅटात होते. एकाच भिंतीवर, एकाच मापाच्या फ्रेमांत, वर छोटा पिवळा दिवा लावून.

या मालाची शिकार करायला नाशिक तसं अवघड गाव. मुंबईत फोर्टच्या पदपथावर, पुण्यात अप्पा बळवंत चौकाच्या आसपास जुनं पुस्तक शोधता येतं. नाशिकचा जुना कागद मात्र गावठाणातल्या वाड्यांच्या माळ्यांवर, आणि त्याला शत्रू दोन: पूर आणि पुनर्विकास. गोदावरी चढली, की दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागलं की छातीला, यावर गावाचा अंदाज ठरतो. 1969, 2008, 2016, 2019 अशी सालं गावाला तोंडपाठ आहेत. त्या त्या वर्षी सराफ बाजार, भांडी बाजार भागातली तळमजल्यावरची कपाटं ओली झाली आणि त्यांतल्या ‘किर्लोस्कर’, ‘स्त्री’, ‘मनोहर’च्या गठ्ठ्यांचा लगदा झाला. वाचलं ते माळ्यावर, पत्र्याच्या ट्रंकेत. मग वाडा पाडायला निघाला, की वारस जमतात. तांब्या-पितळेची भांडी तोळामासा करून वाटली जातात, शिसवी झोपाळ्यावरून दोन भावांत अबोला धरला जातो आणि ट्रंकेतल्या कागदाकडे बघून एकमतानं ठरतं, ‘रद्दीवाल्याला बोलवा.’ अख्ख्या वाटणीत एकमत होणारी ही एकच बाब. रद्दीवाला किलोमागे दहा-पंधरा रुपये देतो, वर ‘कागद पिवळा पडलाय’ म्हणून एखादा रुपया कापतो. वर्षभरानं त्याच वारसाची मुलगी त्याच काळातलं एकच पान ऑनलाइन मागवते आणि कुरिअरचेच जास्त देते.

कागद पिवळा पडतो हे रद्दीवाल्याचं निरीक्षण शास्त्राला धरून आहे. स्वस्त छपाईचा कागद लाकडाच्या लगद्याचा. त्यातलं लिग्निन हवा आणि उजेड लागला की तपकिरी होतं. टाचणीच्या पिना गंजतात, कसर कडा कुरतडते. म्हणून अस्सल प्रत सांभाळणं हे कटकटीचं काम, आणि बहुतेक हौशी मंडळी शेवटी छापून घेतलेल्या प्रतीवर समाधान मानतात.

इथून गोष्ट फ्लेक्सवाल्याकडे जाते.

नाशिकमध्ये मोठ्या छपाईची सोय कोपऱ्याकोपऱ्यावर आहे, ती लोकप्रतिनिधींच्या वाढदिवसांमुळं. चौकात भाऊ, दादा, अण्णा आणि साहेब वर्षभर हात जोडून उभे असतात. त्यांच्या मागं सिंह आणि भोवती शंभर डोकी. ही कला जोपासणाऱ्या दुकानात कुणी पेनड्राइव्हवर दलालांची नायिका घेऊन गेलं, की संगणकापुढचा पोरगा तिला आधी दोन्ही बाजूंनी ओढतो, कारण त्याच्याकडचं माप सहा बाय चारचं. नायिका रुंद होते. मग तो तिचा चेहरा उजळवतो. ते तो सगळ्यांचंच करतो, सवयीनं. आणि शेवटी, माउसवर बोट ठेवून विचारतो, ‘खाली शुभेच्छुक कोण टाकायचे?’

जाणकार मंडळी म्हणून फोटो स्टुडिओत जातात आणि चांगल्या जाड कागदावर छापून घेतात. तिथं वेगळीच फजिती. जुनी रंगीत छपाई चार रंगांच्या ठिपक्यांची. चार ठसे एकावर एक नेमके बसले तर चित्र. एखादा जरा हलला, तर ओठांची लाली ओठ सोडून हनुवटीवर. ते ठिपके स्कॅन करून मोठे छापले, की नायिकेच्या गालावर डासांच्या जाळीसारखी नक्षी उमटते. संगणकानं ठिपके पुसून गुळगुळीत केलं, तर ‘जुनं वाटत नाही’ अशी तक्रार. शेवटी जुनेपणा यावा म्हणून वरून पिवळट छटा आणि घड्यांच्या खुणा छापून घेणारेही आहेत. वाचनालयाच्या शिक्क्याला तर आता चांगले दिवस आलेत. ज्या गोल निळ्या डागामुळं मुखपृष्ठाची रया गेली होती, तोच डाग आता अस्सलपणाचा दाखला.

‘आवाज’च्या खिडकीचित्राची मात्र फ्रेमनं पार अब्रू घालवली. मधुकर पाटकरांनी 1951 साली सुरू केलेल्या या विनोदी दिवाळी अंकाची खासियत अशी, की वरच्या पानाला खिडकी कापलेली. तिच्यातून आतल्या चित्राचा तेवढाच तुकडा दिसायचा, आणि तो पाहून वाचकाच्या मनात नको ते यायचं. घाईनं पान उलटावं, तर आत सगळं सोज्वळ: न्हावी दाढी करतोय किंवा डॉक्टर इंजेक्शन देतोय. सगळा विनोद त्या पान उलटण्यात. आता काच बसवून चारी बाजूंनी खिळे ठोकल्यावर पान उलटणार कोण? चित्राचा चावट अर्धा भाग कायमचा दर्शनी आणि सोज्वळ अर्धा कायमचा कैदेत. मुलाकडची मंडळी बघायला आली, की घरातलं कुणीतरी चहा देता देता सांगत सुटतं, ‘तसं नाहीये ते, आत न्हावी आहे.’

कोण काय टांगतं यावरून माणसाची परीक्षा होते असं म्हणायला हरकत नाही. ‘चांदोबा’ टांगणारे सरळ मनाचे. मद्रासहून निघणारा ‘चांदोबा’ मराठीत 1952 पासून आला. वड्डादि पापय्यांनी रंगवलेल्या त्याच्या मुखपृष्ठांवरच्या दागिन्यांनी मढलेल्या पौराणिक बायका आणि गोलमटोल ढग ही सगळी आंध्रची देणगी. पण नाशिकच्या पोराला ती पंचवटीचीच वाटली, कारण सीता तिथलीच. ‘किशोर’वाले काटकसरी. ‘बालभारती’नं 1971 साली सुरू केलेलं हे मासिक, जुने अंक त्यांनी स्वतःच संकेतस्थळावर मोफत ठेवलेत, त्यामुळं फक्त फ्रेमचा खर्च. ‘ललित’च्या दिवाळी अंकाची वसंत सरवट्यांनी रंगवलेली मुखपृष्ठं लावणारा माणूस प्राध्यापक किंवा प्राध्यापकाचा जावई. सरवटे पेशानं इंजिनिअर, सिमेंटच्या कंपनीत नोकरीला. लेखकांच्या नाकांची मोजमापं त्यांनी त्याच काटेकोरपणानं घेतली. ही चित्रं लावण्यात एक धोका असतो. पाहुणा विचारतो, ‘हे कोण?’ आणि यजमानाला त्यातले दोनच लेखक ओळखता येतात.

आणि ‘सत्यकथा’ टांगणारे? त्यांच्याकडे चहा कोरा मिळतो. 1969 साली बंडखोर तरुण लेखकांनी ‘सत्यकथे’च्या अंकाची जाहीर होळी केली होती. त्यानंतर अर्ध्या शतकानं तिचं मुखपृष्ठ इटालियन मार्बलवर प्रकाश पाडून लावलेलं पाहायला मिळावं, याहून मोठा सूड किंवा सन्मान (दोन्हींतलं नेमकं काय, ते मार्बलच्या भावावर अवलंबून) मराठी वाङ्मयात झालेला नाही.

ही हौस जगभरची आहे. अमेरिकेत नॉर्मन रॉकवेलनं ‘सॅटर्डे ईव्हनिंग पोस्ट’साठी 1916 पासून 1963 पर्यंत तीनशेहून अधिक मुखपृष्ठं रंगवली, आणि आज ती दंतवैद्यांच्या प्रतीक्षागृहांत दातदुखी सुसह्य करतात. 29 मार्च 1976 च्या ‘न्यूयॉर्कर’वर सॉल स्टाइनबर्गनं मॅनहॅटनच्या नवव्या अॅव्हेन्यूवरून दिसणारं जग काढलं. पुढं दोन रस्ते बारकाव्यांनिशी, मग हडसन नदी, आणि उरलेली अमेरिका, पॅसिफिक महासागर, चीन, जपान वगैरे किरकोळ गोष्टी क्षितिजाजवळ चार रेघांत. त्याच्या नकला जगातल्या शेकडो शहरांनी केल्या. कॉलेज रोडवरून तसं चित्र काढलं, तर पुढं वडापाव, क्लासेस आणि दुचाक्यांची रांग तपशीलवार येईल, मग गंगापूर धरण, त्यामागं कसारा घाट, आणि घाटाखाली ‘मुंबई: दमट’ एवढी एक पाटी. पुणे आलं तर आलं, कोपऱ्यात.

खरं पाहता छापील कागद जपण्यात नाशिकनं कुणाचं ऐकून घ्यायचं कारण नाही. इथल्या सिक्युरिटी प्रेसचा कारभार 1925 साली सुरू झाला. त्याआधी हिंदुस्थानची टपाल तिकिटं लंडनहून छापून येत. पंचम जॉर्जचं एकच तिकीट लंडनचं की नाशिकचं, हे जगभरचे संग्राहक कागद उजेडाला धरून, आतल्या ताऱ्यांच्या जलचिन्हावरून ठरवतात. पुढं नोटांचा छापखानाही इथंच आला. म्हणजे देशातला सगळ्यात हौसेनं साठवला जाणारा कागद नाशिक रोडलाच छापला जातो. फक्त त्याची झेरॉक्स काढून भिंतीवर लावायची सोय नाही. शिवाय त्र्यंबकचे दादासाहेब फाळके. सिनेमाच्या आधी ते रंगीत छपाईतले माणूस. लोणावळ्याला राजा रविवर्म्याच्या छापखान्यासाठी त्यांनी काम केलं, मग दादरला स्वतःचा छापखाना चालवला, आणि भागीदारांशी बिनसलं म्हणून सोडला. भागीदारांनी जरा सबुरीनं घेतलं असतं, तर आज फाळक्यांच्या नावानं चित्रपटाचा पुरस्कार निघण्याऐवजी उत्कृष्ट कॅलेंडरचा निघाला असता.

मासिकंही नाशिकची होती. ‘गांवकरी’ परिवारातून ‘अमृत’ हे डायजेस्ट निघायचं आणि ‘रसरंग’ हे सिनेसाप्ताहिक. ‘रसरंग’वरच्या नट्या महाराष्ट्रभर केशकर्तनालयांत नंबर लागण्याची वाट पाहणाऱ्यांना सोबत करायच्या. पण नाशिककरांच्या भिंतीवर त्या क्वचितच दिसतात. गावच्या मालाला गावात भाव नसतो. द्राक्षंही इथं कुणी फ्रेम करत नाही.

ऊन हा या छंदाचा पुढचा अडथळा. पश्चिमेच्या खिडकीसमोर टांगलेल्या छपाईतला पिवळा आणि तांबडा रंग आधी उडतो, निळा चिवटपणे मागं राहतो. चार उन्हाळ्यांत दलालांची गोरी राधा कृष्णाच्या वर्णाची होते, आणि मूळच्या सावळ्या कृष्णात व तिच्यात फरक फक्त मोरपिसाचा उरतो. भक्तिमार्गानं पाहिलं तर हे उत्तमच. शिवाय कायदा आहे. आपल्याकडे चित्रकाराच्या निधनानंतर 60 वर्षं त्याच्या चित्रांवर हक्क चालतो. दलाल 1971 साली गेले, म्हणजे 2031 संपेपर्यंत. मुळगावकर 1976 साली, म्हणजे 2036 संपेपर्यंत. घरात एक प्रत लावणाऱ्याच्या दारात कुणी येणार नाही, पण ‘व्हिंटेज मराठी’ अशी पाटी लावून शेकड्यांनी प्रती विकणाऱ्या ऑनलाइन दुकानदारांनी ही सालं कॅलेंडरवर लिहून ठेवावीत. मुळगावकरांचं कॅलेंडर असेल तर वारसांची परवानगी घेऊन.

राहता राहिला फ्रेमवाला. त्याला दलाल कोण, मुळगावकर कोण, याच्याशी कर्तव्य नसतं. तो पट्टी फुटावर मोजतो, काच आणि माउंटचे वेगळे लावतो. ‘दीपावली’चा आकार मोठा, चार लावायचे म्हटले तर बिल ऐकून माणूस पुन्हा मण्यांच्या पोपटाचा विचार करतो. अशा वेळी फ्रेमवालाच सुचवतो, ‘साहेब, लहान साइजमध्ये काही नाही का?’ आणि मग ट्रंकेच्या तळातून डायजेस्टच्या आकाराचा, आजवर दुर्लक्षित राहिलेला ‘अमृत’ वर येतो. एका ‘दीपावली’च्या पट्टीत दोन ‘अमृत’ बसतात, हे फ्रेमवाल्यानं बोटांवर मोजून दाखवलं, की नाशिककराचा गावाबद्दलचा अभिमान एकदम जागा होतो.